सुटलेली दहावी: गोव्यात राहून, कामधंदा सांभाळून ती कशी पूर्ण करावी

३० मे २०२५ रोजी, घटक राज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. पण नोकरीच्या जाहिरातीत 'साक्षर' असा रकाना नसतो. तिथे 'एसएससी किंवा समकक्ष' असे छापलेले असते, आणि आठवी-नववीत शाळा सोडलेला चाळिशीतला माणूस त्या ओळीवरच अडतो. हा लेख त्या 'समकक्ष' शब्दाबद्दल आहे. ही परीक्षा कोण घेते, अर्ज कसा भरायचा, कोणते विषय घ्यायचे आणि मधे माणसे कुठे गळतात, ते इथे क्रमाने दिले आहे.

गळण्याचे कारण बहुतेक वेळा अभ्यास नसतो. चुकीचे विषय, जुळत नसलेली नावे आणि विसरलेली परीक्षा फी ही तीन कारणे बीजगणितापेक्षा जास्त लोकांना घरी बसवतात. म्हणून खाली कागदपत्रांवर जास्त जागा खर्च केली आहे.

आधी परीक्षा कोणाची ते नक्की करा

प्रौढांसाठी सरळ मार्ग म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, बोलीत एनआयओएस. १९७९ मध्ये सीबीएसईचा प्रकल्प म्हणून मुक्त शाळा सुरू झाली, १९८९ मध्ये ती नॅशनल ओपन स्कूल ही स्वतंत्र संस्था झाली आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. ती केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे. तिची माध्यमिक परीक्षा म्हणजे दहावीच. कमी दर्जाची, 'प्रौढांची' अशी वेगळी दहावी नाही. वयाची खालची मर्यादा १४ वर्षे आहे, वरची मर्यादाच नाही.

शेजारच्या सावंतवाडी-दोडामार्गचे पाहुणे '१७ नंबरचा फॉर्म भर' असा सल्ला देतात. तो महाराष्ट्र मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांसाठीचा फॉर्म आहे. पर्वरीच्या गोवा शालान्त मंडळाशी त्याचा संबंध नाही. गेल्या एक-दोन वर्षांत गोवा मंडळाच्या दहावीत एखाद-दुसरा विषय राहिला असेल, तर मात्र आधी आपल्या जुन्या शाळेत जाऊन पुरवणी परीक्षेची चौकशी करा. एका विषयासाठी नवा संसार मांडू नये.

आयटीआय केलेल्यांसाठी आणखी एक वाट आहे. आठवीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला असेल, तर त्याचे श्रेय धरून उरलेले विषय एनआयओएसमधून देता येतात. २०१९ मध्ये केंद्रीय प्रशिक्षण महासंचालनालय आणि एनआयओएस यांच्यात तसा करार झाला आहे. वीजतंत्री किंवा फिटर असाल, तर पाचही विषयांचा अर्ज भरण्याआधी हे विचारून घ्या.

आणि 'एका महिन्यात दहावी, परीक्षेला बसण्याची गरज नाही' अशी जाहिरात बसथांब्यावर दिसली, तर बस पकडा आणि निघा. मिळतीजुळती नावे असलेली बोगस मंडळे देशभर आहेत. त्यांचा कागद नोकरीच्या पडताळणीत टिकत नाही, आणि तोवर पैसे गेलेले असतात. मंडळ खरे आहे का हे पाहायला शालेय मंडळांची परिषद, म्हणजे कोब्से, हिची यादी बघावी.

दहावी कशासाठी हवी, ते कागदावर लिहा

ही पायरी लोक गाळतात, आणि नंतर हळहळतात. एनआयओएसमध्ये गणित सक्तीचे नाही, इंग्रजीही नाही. पास होण्यासाठी पाच विषय लागतात आणि त्यांत किमान एक भाषा लागते. एवढी मोकळीक असल्यामुळे सोपे पाच विषय घेऊन पास होणे शक्य आहे, आणि तोच कागद तुमच्या कामाला निरुपयोगी ठरणेही शक्य आहे.

टपाल खात्यातल्या ग्रामीण डाक सेवक पदाचे उदाहरण घ्या. तिथे दहावीला गणित आणि इंग्रजी या दोन्ही विषयांत उत्तीर्ण असणे ही अट आहे, आणि निवड फक्त दहावीच्या गुणांवर होते. वयोमर्यादा सर्वसाधारण गटाला ४० आहे. गृहविज्ञान, चित्रकला, मानसशास्त्र घेऊन ७५ टक्के मिळवलेल्या बाईचा अर्ज तिथे पहिल्या चाळणीतच गळतो. गणितात ४० मिळवलेली शेजारीण मात्र यादीत असते.

बोटीवर जाणाऱ्या तरुणांसाठी तसेच. मर्चंट नेव्हीतल्या जीपी रेटिंग, म्हणजे खलाशाच्या, प्रशिक्षणाला दहावीत गणित, विज्ञान आणि इंग्रजी लागते, इंग्रजीत किमान ४० टक्के लागतात, आणि वयाची अट कडक असते. तिथे निव्वळ 'पास' पुरत नाही.

आखातात जाणाऱ्यांचे गणित वेगळे. दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरचा, म्हणजे 'परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक' असा, शिक्का असतो, आणि १८ ठरावीक देशांत, ज्यांत आखाती देश येतात, नोकरीला जाताना त्याला प्रवासी कामगार संरक्षकाची परवानगी काढावी लागते. दहावीचे प्रमाणपत्र जोडले की पासपोर्टमधून ही अट निघते. इथे विषय कोणते याने फरक पडत नाही. दुबईत स्वयंपाकी म्हणून जायचे असेल, तर गणिताशी झुंजण्याचे कारण नाही.

राज्य सरकारच्या मल्टी टास्किंग स्टाफसारख्या पदांसाठी जाहिरात नीट वाचा. दहावीबरोबर कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे इष्ट, शिवाय १५ वर्षांचा रहिवासी दाखला, अशा अटी असतात. रहिवासी दाखला मामलेदाराकडून मिळतो. निकालाच्या दिवशी त्यासाठी धावपळ करण्यापेक्षा अभ्यासाच्या वर्षातच काढलेला बरा, मात्र त्याची मुदत बघून.

पुढे अकरावी-बारावी किंवा पॉलिटेक्निक करण्याचा विचार मनात असेल, तर गणित, विज्ञान आणि इंग्रजी घ्याच. आता टाळलेले गणित पुढे स्वतंत्र विषय म्हणून परत द्यावे लागते.

विषय निवडताना

माध्यमिकला किमान पाच विषय घ्यावे लागतात, दोन जास्तीचे घेता येतात, म्हणजे सात. भाषा एक किंवा दोन. प्रत्येक विषयाला क्रमांक असतो आणि अर्जात तोच महत्त्वाचा असतो: मराठी २०४, हिंदी २०१, इंग्रजी २०२, गणित २११, विज्ञान आणि तंत्रज्ञान २१२, सामाजिक विज्ञान २१३, अर्थशास्त्र २१४, व्यवसाय अध्ययन २१५, गृहविज्ञान २१६, मानसशास्त्र २२२, चित्रकला २२५, डेटा एंट्री ऑपरेशन्स २२९.

गोव्यातल्या बहुतेकांना पुरेल असा संच आमच्या मते हा: मराठी, इंग्रजी, गणित, सामाजिक विज्ञान आणि पाचवा डेटा एंट्री किंवा गृहविज्ञान. गणिताची फारच धास्ती असेल, तर सहावा विषय जास्तीचा घ्या. गणित राहिले आणि बाकीचे पाच निघाले, तरी दहावी पूर्ण होते. सहाव्या विषयाची जादा फी म्हणजे विमा समजा.

डेटा एंट्री सोपे वाटते म्हणून मुले सुचवतात. त्यात लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाचे गुण जास्त आहेत, त्यामुळे मोबाइलवर सराईत असलेल्या पण कीबोर्डला कधी हात न लावलेल्या माणसाने आधी दोन महिने टायपिंग करावे. चित्रकलेतही प्रात्यक्षिकच भारी आहे. गणपतीपुढची फळापानांची माटोळी छान बांधणाऱ्याला किंवा रांगोळी छान काढणाऱ्याला कागदावरचे वस्तुचित्र आपोआप जमते असे नाही.

मराठी हा गुण देणारा विषय, पण एक खाच आहे. घरात कोकणी बोलणाऱ्यांच्या लिहिण्यात 'आसा', 'जाता', 'म्हणटा' अशी रूपे नकळत उतरतात. तपासनीस पुण्या-मुंबईकडचा असेल, तर त्याला ती चूकच दिसते. रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद पाहून उतरवून काढला, की महिन्याभरात हात वळतो.

माध्यमाचा प्रश्न गोव्यात जरा गुंत्याचा आहे. सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून बहुतेक माध्यमिक शाळा इंग्रजी. पुष्कळांची शाळा या वळणावरच सुटली. त्यामुळे चौथीपर्यंतचे गणित मराठीत पक्के आणि पुढचे इंग्रजीत अर्धवट, अशी अवस्था असते. एनआयओएसमध्ये माध्यम म्हणून मराठी निवडता येते. अर्ज भरण्याआधी आपल्या प्रत्येक विषयाचे पुस्तक मराठीत उपलब्ध आहे ना, हे संकेतस्थळावर उघडून पाहा. पुस्तक उघडून दोन पाने वाचा. 'समांतरभुज चौकोन' जवळचा वाटतो की 'पॅरेललोग्राम', यावर माध्यम ठरवा. एकदा अर्जात लिहिलेल्या माध्यमातच उत्तरपत्रिका लिहायची असते. अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी चालत नाही.

कागद जुळवा, मगच अर्जाला बसा

लागणारे कागद थोडेच आहेत: जन्मतारखेचा पुरावा, आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, आणि शिक्षणाचा पुरावा. शिक्षणाचा पुरावा म्हणजे आठवी पासचा दाखला किंवा दहावी नापासची गुणपत्रिका. हे काहीच नसेल, तर 'हा अभ्यासक्रम झेपेल इतके माझे शिक्षण झाले आहे' असे स्वयंघोषणापत्र चालते. शाळा बंद पडली, दाखला पुरात गेला, अशा लोकांचा मार्ग त्यामुळे अडत नाही. चौथी-पाचवीच झालेली असेल, तर मात्र आमचा सल्ला आहे की आधी याच संस्थेच्या मुक्त मूलभूत शिक्षणाचा 'क' स्तर द्या. तो आठवीच्या तोडीचा आहे. स्वयंघोषणेने दार उघडते, पण आत गणित दहावीचेच असते.

जातीची, दिव्यांगत्वाची किंवा माजी सैनिकाची सवलत असेल, तर ते प्रमाणपत्र आत्ताच लावा. नंतर लावून फी परत मिळत नाही. दृष्टिदोष किंवा हाताचा त्रास असलेल्यांना लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण तोही आधी मागावा लागतो.

आता नावाचे. गोव्यातली निम्मी डोकेदुखी इथे आहे. जन्मदाखला सिव्हिल रजिस्ट्रारकडचा, त्यावर माहेरचे नाव. आधारवर सासरचे. शाळेच्या दाखल्यावर तिसरेच, कारण गुरुजींनी ऐकले तसे लिहिले. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कागदांवर शेणवीचे 'सिनाय', परबाचे 'पोरोब', कामताचे 'कामोतीम' झालेले सापडते. साधे नाईकसुद्धा रोमन लिपीत दोन-तीन प्रकारांनी लिहिलेले असते. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव आणि जी जन्मतारीख छापून येईल, ती पुढे पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत पुरावा म्हणून धरली जाते. म्हणून आधी एक नाव, एक स्पेलिंग ठरवा.

सगळ्यांत कमी त्रासाचा क्रम असा. जन्मदाखल्यावरचे नाव वापरात असेल, तर आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. विवाहित महिलेने सासरचे नाव ठेवायचे ठरवले, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडीला ठेवावा. जन्मदाखल्यावर नावात किरकोळ लेखनदोष असेल, तर नोंद जिथे आहे त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयात दुरुस्ती मागा. संपूर्ण नाव किंवा आडनावच बदलायचे असेल, तर त्यासाठी १९९० चा गोव्याचा वेगळा कायदा आहे आणि ते काम वकिलाला विचारूनच करावे, कारण त्याला वेळ लागतो. 'आधी परीक्षा देऊ, नाव मागाहून बघू' हे करू नका. मागाहून बघणे म्हणजे प्रमाणपत्र हातात असूनही पासपोर्ट कार्यालयाच्या खेपा.

कधी प्रवेश घ्यावा

एनआयओएसच्या लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. प्रवेशाचेही दोन गट आहेत. साधारण मार्चपासून जुलैअखेरपर्यंत पहिला, त्यातल्यांची पहिली परीक्षा पुढच्या एप्रिलमध्ये. साधारण सप्टेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत दुसरा, त्यातल्यांची परीक्षा त्यापुढच्या ऑक्टोबरमध्ये. मुदतीनंतर विलंब शुल्कासह थोडे दिवस मिळतात. नेमक्या तारखा दरवर्षी संकेतस्थळावर येतात.

काम करणाऱ्या गोंयकाराने दुसरा गट घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण पंचांग बघा. एप्रिल-मेमध्ये काजूची बोंडे, लग्ने, जत्रा, आमंत्रणे आणि घामाने निथळणारी दुपार. ऑक्टोबरच्या परीक्षेआधी मात्र पावसाळा येतो. शॅक बंद, हॉटेलात गिऱ्हाईक कमी, बांधकामे थंड, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. ज्यांचे पोट पर्यटनावर किंवा दर्यावर आहे, त्यांना वर्षात एवढा मोकळा काळ दुसरा मिळत नाही. शेती करणाऱ्यांना ऑक्टोबरात भातकापणी आडवी येते, चवथीचे, म्हणजे गणेश चतुर्थीचे, दहा-बारा दिवस कोणाचेच हातात राहत नाहीत आणि परीक्षा दिवाळीच्या आगेमागे पडते, हे खरे. तरीही तराजू पावसाकडेच झुकतो.

अर्ज भरताना

अर्ज एनआयओएसच्या संकेतस्थळावरच भरला जातो. सायबरवाल्याकडे जायला हरकत नाही, पण दोन गोष्टी स्वतःच्याच द्या: मोबाइल क्रमांक आणि ईमेल. पुष्कळ ठिकाणी दुकानदार वेळ वाचवण्यासाठी स्वतःचा क्रमांक टाकतो. पुढे ओटीपी, हॉलतिकिटाची सूचना, निकाल, सगळे त्याच्या फोनवर जाते, आणि त्याने सिम बदलले की तुमचे खातेच बंद. ईमेल नसेल तर तिथेच नवे उघडा आणि पासवर्ड वहीत लिहा. मुलाच्या फोनमध्ये नको. मुलगा बोटीवर जातो.

राज्य, माध्यम आणि विषय झाले की अभ्यासकेंद्र निवडावे लागते. एनआयओएसच्या भाषेत एआय, म्हणजे मान्यताप्राप्त संस्था. यादीत राज्य आणि जिल्हा निवडून गोव्यातली केंद्रे दिसतात. नाव पाहून पसंती देऊ नका. आधी तिथे फोन करून किंवा जाऊन चार प्रश्न विचारा: माझे विषय तुमच्याकडे आहेत का? मराठी माध्यमाचे विद्यार्थी घेता का? संपर्क वर्ग शनिवार-रविवारी होतात की इतर दिवशी? प्रात्यक्षिके कुठे होतात? सत्तरी, सांगे किंवा काणकोणातून येणाऱ्याने पाचवा प्रश्नही विचारावा: वर्ग सुटल्यावर परतीची बस मिळते का? केंद्र गाडीच्या वेळेवर निवडणे हे लाजिरवाणे नाही. शेवटची कदंबा चुकली की पुढचे चार रविवार माणूस जात नाही.

प्रवेश फी पाच विषयांना साधारण दीड-दोन हजार रुपयांच्या घरात राहिली आहे. महिलांना ती कमी आहे, आरक्षित गट आणि दिव्यांगांना आणखी कमी. ती ऑनलाइनच भरायची. केंद्रात कोणी 'वरचे' मागितले, तर पावती मागा. पावती मागितली की मागणी सहसा ओसरते.

छाननी झाली की बारा अंकी नोंदणी क्रमांक येतो आणि ओळखपत्र उतरवून घेता येते. ओळखपत्र उघडल्या उघडल्या पाच गोष्टी तपासा: नाव, वडील-आईचे नाव, जन्मतारीख, विषयांचे क्रमांक, माध्यम. चूक असेल तर तेव्हाच दुरुस्ती मागा. विषय बदलालाही मुदत आणि फी आहे.

नोंदणी पाच वर्षे चालते आणि तेवढ्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसता येते. पास झालेला विषय जमा राहतो, तो पुन्हा द्यावा लागत नाही. दुसऱ्या मंडळात नुकत्याच पास केलेल्या दोन विषयांपर्यंतचे गुणही इथे वर्ग करून घेता येतात, मात्र वीस वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेवर ही आशा धरू नका.

टीएमए: घरी लिहायचे २० गुण

प्रत्येक विषयात २० टक्के वाटा शिक्षक-अंकित गृहकार्याचा, म्हणजे टीएमएचा असतो. सहा प्रश्न: दोन-दोन गुणांचे तीन, चार-चार गुणांचे दोन आणि सहा गुणांचा एक प्रकल्प. लहान उत्तरे ४० ते ६० शब्दांत, मधली १०० ते १५० शब्दांत, प्रकल्प सुमारे ५०० शब्दांत. हे सगळे हाताने लिहून, स्कॅन करून खात्यातून चढवायचे. ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी मुदत साधारण ३१ जुलै, एप्रिलच्या परीक्षेसाठी ३१ जानेवारी.

टीएमए न दिल्याने कोणी नापास ठरत नाही, म्हणून पुष्कळजण ते सोडून देतात. हा घाट्याचा धंदा आहे. पुस्तक उघडे ठेवून मिळणारे १४-१५ गुण सोडून बंद खोलीत घड्याळापुढे तेवढे मिळवायला जायचे, यात काय शहाणपण? उलट बाजूही लक्षात ठेवा. लेखी परीक्षेत स्वतंत्रपणे ३३ टक्के लागतात, प्रात्यक्षिकात स्वतंत्रपणे ३३ टक्के, आणि सगळे मिळूनही ३३ टक्के. टीएमएचे १८ गुण खिशात आहेत म्हणून लेखीतली कमतरता भरून निघत नाही.

अडते ते चढवण्यात. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेले फोटो काळे येतात, पाने उलटीसुलटी जातात, चुकीच्या विषयाखाली फाइल चढते. दिवसा, खिडकीजवळ, स्कॅनचे ॲप वापरून पाने काढा, प्रत्येक विषयाची एकच पीडीएफ करा, नाव आणि नोंदणी क्रमांक पहिल्या पानावर लिहा आणि चढवल्यावर ती परत उघडून बघा. जुलैच्या शेवटच्या दोन दिवसांत साइट रेंगाळते, आणि त्यात पावसाने वीज गेली तर तुम्हीही रेंगाळता. १५ जुलै हीच शेवटची तारीख धरा.

परीक्षा फी वेगळी भरायची असते

याला वेगळा मथळा देण्याचे कारण आहे. प्रवेश फी भरली म्हणजे परीक्षेला बसता येते, असा समज घेऊन दर वर्षी माणसे वर्षभर अभ्यास करतात आणि हॉलतिकीटच येत नाही. प्रत्येक परीक्षेआधी तिच्यासाठी स्वतंत्र नोंदणी आणि विषयवार फी ऑनलाइन भरावी लागते, प्रात्यक्षिक असलेल्या विषयाला जादा. एप्रिलच्या परीक्षेची खिडकी साधारण डिसेंबर-जानेवारीत आणि ऑक्टोबरची जून-जुलैच्या सुमारास उघडते. कॅलेंडरवर सांजावाच्या तारखेपाशी (२४ जून) खूण करा, म्हणजे विहिरीत उडी मारणाऱ्यांचा आरडाओरडा ऐकला की फी आठवेल.

कोणते विषय यंदा द्यायचे, हे याच वेळी निवडता येते. पहिल्याच खेपेला पाचही विषय देण्याचा हट्ट करू नका. बारा तास काम करणाऱ्याने आधी तीन द्यावेत: मराठी, सामाजिक विज्ञान आणि प्रात्यक्षिकाचा विषय. गणित-इंग्रजी पुढच्या सत्रात. पहिल्या निकालात तीन 'पास' दिसले, की घरातल्यांचा सूर बदलतो, आणि त्याचा उपयोग होतो. नोकरीची जाहिरात दाराशी असेल, तरच पाचांचा जुगार खेळा. मागणीनुसार परीक्षा हाही प्रकार आहे, पण ती ठरावीक केंद्रांवरच होते. प्रवास आणि राहण्याचा खर्च धरून हिशेब करा.

अभ्यास: काय वाचायचे आणि काय सोडायचे

एनआयओएसने अभ्यासक्रमाचे दोन भाग केले आहेत. सुमारे ४० टक्के धडे फक्त टीएमएसाठी आणि ६० टक्के लेखी परीक्षेसाठी. कोणता धडा कुठे, याची विषयवार यादी संकेतस्थळावर आहे. ती छापून पुस्तकाच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि अनुक्रमणिकेत टीएमएच्या धड्यांवर पेन्सिलीने काट मारा. पुस्तक एकदम हलके होते. हे माहीत नसलेला माणूस सामाजिक विज्ञानाचे दोन्ही जाडजूड भाग पहिल्या पानापासून वाचायला घेतो आणि चवथीपर्यंत मध्ययुगातच असतो.

लेखी प्रश्नपत्रिकेत निम्मे गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना असतात: पर्याय निवडा, जोड्या लावा, गाळलेल्या जागा भरा, चूक की बरोबर. उणे गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. प्रत्येक धड्याच्या मधे आणि शेवटी जे छोटे प्रश्न दिलेले असतात, ते या निम्म्या गुणांचे भांडवल आहे. मागच्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर मिळतात. त्या वाचायच्या नाहीत, घड्याळ लावून सोडवायच्या.

गणितात मोठ्या वयाच्या माणसाची बाजू वाटते तेवढी पडकी नाही. टक्केवारी, नफा-तोटा, व्याज, क्षेत्रफळ हे दुकान, पतसंस्थेचे कर्ज आणि घराची फरशी यांमुळे अंगवळणी पडलेले असते. अडचण पायऱ्या लिहिण्याची. उत्तर तोंडी येते, पण कागदावर एक ओळ असते आणि पायऱ्यांचे गुण जातात. त्यामुळे येणारी गणितेही पूर्ण मांडून सोडवा. बीजगणितात चिन्हांच्या चुका होतात. रोज पाच समीकरणे, बस्स. गणितालाही प्रात्यक्षिकाचे गुण आहेत, त्यांची वही केंद्रातून विचारून वेळेत पूर्ण करा.

संपर्क वर्गांना थिअरीसाठी हजेरीची सक्ती नाही, प्रात्यक्षिकांना मात्र जावेच लागते. केंद्रात वर्ग नीट होत नसतील, तर पुस्तकांच्या पीडीएफ आणि स्वयम पोर्टलवरचे एनआयओएसचे व्हिडिओ फुकट आहेत. घरी जागा नसेल, तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात शांत बसायला मिळते. तालुक्याच्या गावीही वाचनालये आहेत.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. पहिली, चष्मा. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते, आणि माणूस समजतो की डोक्यात शिरत नाही. अभ्यास सुरू करण्याआधी डोळे तपासा. दुसरी, हात. वीस वर्षे सहीपलीकडे काही न लिहिलेला हात तीन तासांच्या पेपरात पाऊण तासात दुखून येतो. रोज वीस मिनिटांपासून सुरुवात करून परीक्षेआधीच्या महिन्यात आठवड्याला एकदा सलग तीन तास लिहा. पेन तेच ठेवा.

परीक्षेचे दिवस

प्रात्यक्षिके लेखीच्या आधी होतात आणि त्यांच्या तारखा केंद्र कळवते. तो फोन चुकला की विषय अडकतो, म्हणून त्या पंधरवड्यात स्वतः विचारत राहा. हॉलतिकीट संकेतस्थळावरून उतरवायचे. परीक्षाकेंद्र तुमच्या अभ्यासकेंद्रापेक्षा वेगळे, वेगळ्या शहरातही असू शकते. आदल्या रविवारी एकदा जाऊन इमारत पाहून या.

पेपर बहुधा दुपारी अडीचला सुरू होतात. सकाळची पाळी करून येतो म्हणणाऱ्यांनी मांडवी आणि जुवारी पुलांवरच्या रांगा धराव्यात. वेळापत्रक आल्याबरोबर मालकाला लेखी अर्ज देऊन अर्धी रजा मागा. पेपर सलग नसतात, महिनाभर विखुरलेले असतात, त्यामुळे एकदम लांब रजेची गरज पडत नाही. सोबत हॉलतिकीट, आधार, दोन निळी पेने, साधे घड्याळ. मोबाइल बाहेर ठेवायची सोय असेल असे गृहीत धरू नका.

उत्तरपत्रिकेवर आधी नोंदणी क्रमांक आकड्यांत आणि अक्षरांत, मग विषयाचा क्रमांक. २११ आणि २१२ यांची अदलाबदल घाईत होते.

निकालानंतर

निकाल साधारण दीड-दोन महिन्यांत लागतो. एखाद्या विषयात थोडक्यात राहिलात, तर फेरतपासणीचा अर्ज ठरावीक दिवसांत ऑनलाइन करता येतो. नाहीतर तोच विषय पुढच्या सत्रात द्या. पास होऊनही गुण वाढवायचे असतील, तर त्यासाठीही परत बसता येते.

पाच विषय पूर्ण झाले, की गुणपत्रिका, प्रमाणपत्र आणि स्थलांतर दाखला मिळतो. डिजिलॉकरमध्येही ते दिसतात. कागद हातात घेतल्यावर तिथेच उभे राहून नाव, आई-वडिलांची नावे आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर वाचा, लॅमिनेशन करू नका, आणि पाच झेरॉक्स काढून मूळ प्रत प्लास्टिकच्या फाइलमध्ये कपाटाच्या वरच्या खणात ठेवा. गोव्याच्या पावसाळ्यात खालच्या खणातल्या कागदांना बुरशी धरते.